वाचक विचारतात : खुनाची चुकीची शिक्षा आणि पडद्यावरचं खरं

मागच्या अंकात ‘कॉल नॉर्थसाइड ७७७’ बद्दल लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले, काही तर इतके चांगले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात : हा १९४८ चा हेन्री हॅथवेचा अमेरिकन पिक्चर. शिकागोत एका पोलिसाचा खून होतो, दोन तरुणांना ९९-९९ वर्षांची शिक्षा लागते, आणि अकरा वर्षांनी त्यातल्या एकाची आई पेपरात जाहिरात देते की खरे खुनी शोधून द्या, पाच हजार डॉलर देते. मॅकनील नावाचा रिपोर्टर (जेम्स स्टुअर्ट) आधी अजिबात विश्वास न ठेवता केवळ एडिटरने पाठवलं म्हणून जातो आणि मग त्या केसमध्ये पूर्ण अडकतो. डॉक्युड्रामा म्हणजे खरी घटना, पण नट घेऊन उभी केलेली. या पिक्चरमध्ये तर शिकागोच्या खऱ्या वस्त्या आणि स्टेटव्हिलचा खरा तुरुंग आहे.

ताई, हे खरंच घडलेलं आहे की ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून काहीही दाखवतात तसं? मुळात काय झालं होतं? — मेधा

मेधा, पाया पूर्ण खरा आहे. ९ डिसेंबर १९३२, शिकागो. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. खाण्याच्या पदार्थांचं एक छोटं दुकान, मागच्या बाजूला चोरून दारू विकली जायची, तिथे दोघं लुटायला शिरले आणि विल्यम लंडी नावाच्या पोलिसाला गोळ्या घालून पळाले. पोलीस टेड मार्सिंकेविच नावाच्या तरुणाला शोधत होते, तो काही दिवस जोसेफ मायचेककडे राहिला होता, म्हणून ते मायचेकच्या घरी पोचले आणि जो सापडला त्यालाच, म्हणजे मायचेकलाच, उचललं. वय चोवीस. १९३३ मध्ये दोघांनाही ९९ वर्षं. आणि ही सगळी शिक्षा मुख्यतः एकाच माणसाच्या साक्षीवर, दुकानाच्या मालकिणीच्या. पिस्तूल नाही, लुटीचा माल नाही, काही नाही.

खटल्यानंतर न्यायाधीशांनाच शंका होती. त्यांनी मायचेकला नवीन खटल्याचं आश्वासन दिलं होतं, ते कधी पुरं झालं नाही, आणि १९३५ मध्ये ते वारले. मला या केसमधली सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच वाटते, की खुर्चीवर बसलेल्या माणसाला मनातून माहीत होतं आणि तरी मुलगा आत राहिला तो राहिलाच.

त्याची आई टिली ऑफिसांच्या फरश्या पुसायची. त्यातून पाच हजार डॉलर साठवले, आणि १० ऑक्टोबर १९४४ ला ‘शिकागो टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातींच्या पानावर तिची जाहिरात आली. जेम्स मॅकग्वायर आणि जॅक मॅकफॉल या दोन पत्रकारांनी ती धरून ठेवली (पिक्चरमध्ये दोघांचा मिळून एक मॅकनील केलाय), आणि १५ ऑगस्ट १९४५ ला गव्हर्नरने मायचेकला माफी देऊन सोडलं. खरे खुनी कोण, ते आजपर्यंत कळलेलं नाही. पिक्चरनेही खुनी शोधून दाखवलेला नाही आणि हे त्याने फार बरं केलं, कारण निर्दोष माणसाला सोडायला दुसरा दोषी आणून द्यावा लागतो ही समजूतच मुळात चूक आहे.

शेवटी तो फोटो मोठा मोठा करत नेतात आणि पेपरवरची तारीख दिसते, मी अक्षरशः खुर्चीच्या टोकावर होतो. हे खरं घडलं का? — सुहास

नाही, सुहास. आणि यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी तो प्रसंग सांगते. आरोपीला पोलीस स्टेशनात नेतानाचा एक जुना प्रेस फोटो आहे, त्यात साक्षीदार बाईही दिसतेय. तिने कोर्टात सांगितलेलं असतं की ओळख परेडच्या आधी मी याला पाहिलेलंच नव्हतं. फोटो परेडच्या आदल्या दिवशीचा आहे एवढं सिद्ध झालं की तिची साक्ष कोसळते, पण फोटोवर तारीख नाही. मागे एक पेपरवाला पोरगा उभा आहे, त्याच्या हातातल्या पेपरचा कोपरा एनलार्ज करायला घेतात, शिकागोहून वायरने, म्हणजे तारेवरून चित्र पाठवणाऱ्या मशीनने, तो तुकडा माफी मंडळासमोर पाठवला जातो, हळूहळू चित्र उमटतं आणि तारीख येते, २२ डिसेंबर १९३२. सिनेमा म्हणून बघितलं तर जबरदस्त आहे. स्टुअर्टचा चेहरा, त्या मशीनचं ते संथ फिरणं, सगळे वाकून बघतायत, मीही दर वेळी श्वास रोखून बघते.

पण हे रचलेलं आहे. आणि ते शक्यही कठीण, कारण फोटो मोठा केला की त्यात नसलेली माहिती येत नाही, एका मर्यादेनंतर फिल्मचे दाणे दिसायला लागतात आणि अक्षरांचा नुसता डाग होतो.

खरं काय सापडलं? तारखेचाच घोळ, पण पोलिसांच्या स्वतःच्या दफ्तरात. मायचेकला पकडलं २२ डिसेंबरला आणि नोंद केली २३ ची. हा एक दिवस गायब का केला? कारण २२ ला त्या बाईला तो दाखवला होता आणि तिने त्याला ओळखलं नव्हतं. मग २३ ला ओळखलं. आता कागदावर अटकच २३ ची दाखवली की २२ ला झालेलं सगळं झालंच नाही असं होतं. म्हणजे बघा, शाईने लिहिलेला एक आकडा, त्यावर एका माणसाचं अख्खं तारुण्य गेलं, आणि तो आकडा अकरा-बारा वर्षं तिथेच रजिस्टरमध्ये होता, कोणीही उघडून बघू शकलं असतं.

माझं भांडण इथेच आहे. पिक्चरने तारीख तीच ठेवली, दिवस तोच ठेवला, पण रजिस्टरच्या जागी मशीन आणलं, आणि त्यामुळे गुन्हा कुणाचा हेच बदललं. फोटोवाल्या गोष्टीत बाई खोटं बोलली आणि विज्ञानाने तिला पकडलं. रजिस्टरवाल्या गोष्टीत एका सरकारी माणसाने मुद्दाम खोटी नोंद केली आणि बाकीच्यांनी ती चालू दिली. दुसरी गोष्ट सांगायला जास्त धाडस लागतं. शिवाय प्रेक्षक घरी जाताना असं समजून जातो की माणूस निर्दोष असेल तर कुठेतरी असा फोटो असणारच. बहुतेक निर्दोष कैद्यांकडे असा फोटो नसतो हो, त्यांच्याकडे असतात अर्धवट फाइली, विसरलेले साक्षीदार आणि एखादा चिकट माणूस जो ते सगळं पुन्हा वाचायला तयार असतो.

लाय डिटेक्टर चालवणारा माणूस नट वाटत नाही, फारच सहज करतो सगळं. कोण आहे तो? — प्रणव

बरोबर ओळखलंस. तो लिओनार्ड कीलर, खुद्द पॉलिग्राफ, म्हणजेच लाय डिटेक्टर, मशीन घडवणाऱ्यांपैकी एक, स्वतःचीच भूमिका करतोय. खऱ्या मायचेकची टेस्टही त्यानेच घेतली होती. मात्र टेस्ट पास झाला म्हणून माणूस सुटला असं समजू नकोस. असल्या टेस्टचा निकाल पुरावा म्हणून घ्यायला अमेरिकेतल्या कोर्टाने १९२३ मध्येच, फ्राय नावाच्या खटल्यात नकार दिला होता, तोही खुनाचाच खटला. मशीन मोजतं घाम, श्वास, रक्तदाब. घाबरलेला निर्दोष माणूसही घामाघूम होतो.

मला त्या साक्षीदार बाईचा इतका राग आला की विचारू नका. एवढी वर्षं झाली तरी ती बोलणं बदलत नाही! अशा बायकांना शिक्षा का होत नाही? — शुभांगी

शुभांगीताई, राग समजतो, पिक्चरने तो आणायचाच ठरवलंय, तिची ती कळकट खोली, तिचं ते तुसडं बोलणं. पण खऱ्या बाईची परिस्थिती जरा बघा. तिच्या दुकानात बेकायदा दारू विकली जायची, हे पोलिसांना माहीत. पोलिसाचाच खून झालाय म्हणजे सगळं खातं पेटलेलं. तिला सांगण्यात आलं की सहकार्य कर नाहीतर दारूच्या धंद्यात तुलाच आत टाकू. आणि तिच्यासमोर एकच तरुण पुन्हा पुन्हा आणून उभा केला. पहिल्यांदा ‘हा नाही’, मग ‘हाच’.

यात खोटेपणा किती आणि दबाव किती हे बाहेरून सांगता येत नाही, पण एक गोष्ट नंतरच्या संशोधनातून पक्की झालीय. एकच चेहरा दुसऱ्यांदा दाखवला की तो ओळखीचा वाटतो, आणि तो कुठे पाहिला होता, दुकानात की काल पोलीस स्टेशनात, हे मेंदू नीट वेगळं ठेवत नाही. त्याहून वाईट म्हणजे खात्री नंतर वाढते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना एक व्हिडिओ दाखवला, मग संशयितांचे फोटो दाखवले ज्यात खरा माणूस नव्हताच, तरी लोकांनी कोणाला तरी निवडलं, आणि नंतर काहींना एवढंच म्हटलं की छान, तुम्ही बरोबर संशयिताला ओळखलंत. बस्स. त्यानंतर ते लोक सांगायला लागले की आम्हाला तेव्हाच पक्की खात्री होती, आम्ही नीट बघितलं होतं, लक्ष देऊन बघितलं होतं. कुणीही खोटं बोलत नव्हतं, त्यांना स्वतःला तसंच आठवत होतं.

म्हणून कोर्टात बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणणारा साक्षीदार जेवढा ठाम तेवढा खरा, हे समीकरण मोडायला हवं. विचारायचं ते हे की पहिल्यांदा दाखवलं तेव्हा काय म्हणाला होता? आणि परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोण हे माहीत होतं का? माहीत असेल तर नजरेने, हं-हं करण्यानेसुद्धा इशारा जातो. अमेरिकेत डीएनएमुळे जे निर्दोष सुटले त्यांच्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त केसेसमध्ये कोणीतरी चुकीची ओळख पटवलेली होती. एवढ्या सगळ्यांना खोटारडं म्हणता येणार नाही ना.

डॉक्युमेंटरीमध्ये नट घेऊन प्रसंग उभे केले तर ती डॉक्युमेंटरी राहते का? मला तर ही सरळ फसवणूक वाटते. — विश्वास

विश्वासराव, फसवणूक होऊ शकते, तुमची शंका रास्तच आहे. पण त्याच पद्धतीने एक माणूस तुरुंगाबाहेर आला, ते सांगते.

एरॉल मॉरिसचा ‘द थिन ब्लू लाइन’, १९८८. टेक्सासमधलं डॅलस, नोव्हेंबर १९७६, रात्री हेडलाइट न लावता चाललेली एक गाडी पोलीस अडवतात आणि गाडीतला माणूस रॉबर्ट वुड नावाच्या पोलिसाला गोळ्या घालतो. गाडी डेव्हिड हॅरिस नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने चोरलेली, पिस्तूल त्याच्या बापाचं, आणि गावी परत जाऊन तो मित्रांना बढाया मारतो की मी पोलिसाला उडवलं. पकडल्यावर मात्र म्हणतो, मी नाही, रँडल अ‍ॅडम्सने. अ‍ॅडम्स कोण, तर ओहायोहून कामाला आलेला माणूस, आधीचा एकही गुन्हा नाही, गाडीतलं पेट्रोल संपलं म्हणून त्या दिवशी या पोराने त्याला लिफ्ट दिलेली. दोषी ठरवला अ‍ॅडम्सला, शिक्षा मृत्युदंड. सोळा वर्षांच्या मुलाला त्या कायद्याखाली मृत्युदंड देता येत नव्हता, हेही लक्षात घ्या. मे १९७९ मध्ये मृत्युदंडाची तारीख लागली होती आणि तीन दिवस आधी सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी थांबवली. १९८० मध्ये ज्युरी निवडण्याच्या पद्धतीवरून मृत्युदंड रद्द झाला, मग गव्हर्नरने शिक्षा जन्मठेपेची केली, त्यामुळे पुन्हा खटला चालवायची गरजच राहिली नाही. म्हणजे जीव वाचला पण निर्दोष आहे का हा प्रश्न तसाच गाडला गेला.

मॉरिस तिथे गेला होता वेगळ्याच कामाला, एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायला, जो खटल्यामागून खटल्यात साक्ष द्यायचा की हा आरोपी पुन्हा खून करणारच. त्यातून त्याला अ‍ॅडम्स भेटला. (मॉरिसने आधी खासगी डिटेक्टिव्ह म्हणून नोकरी केलेली, ते या फिल्ममध्ये जाणवतं.)

आता तुमचा मुद्दा. तो गोळीबाराचा प्रसंग मॉरिस नट घेऊन पुन्हा पुन्हा दाखवतो, पण दर वेळी वेगळा. एकदा वुडसोबतची पोलीसबाई गाडीबाहेर उभी आहे, एकदा आत बसलेली आहे, एकदा मिल्कशेकचा कप हवेत उडून रस्त्यावर पडतो आणि आतलं दूध सांडतं, तोही इतक्या जवळून की दुसरीकडे बघताच येत नाही. गाडीचं मॉडेलसुद्धा बदलतं, कारण पोलीस सुरुवातीला भलतीच गाडी शोधत होते. कॅमेरा कधीच म्हणत नाही की असं घडलं. तो म्हणतो, या साक्षीदाराचं खरं मानलं तर असं दिसेल, त्या साक्षीदाराचं मानलं तर तसं. आणि दोन्ही शेजारी ठेवले की बसत नाहीत, हे प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. ‘नॉर्थसाइड’मधला फोटो प्रेक्षकाला खात्री देतो, इथले प्रसंग खात्री काढून घेतात. माझ्यासाठी डॉक्युड्रामाची कसोटी हीच.

फिल्मच्या शेवटच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा बिघडला म्हणून फक्त टेप आहे. पडद्यावर एक टेपरेकॉर्डर दिसतो आणि हॅरिसचा आवाज, तो तेव्हा दुसऱ्याच एका खुनासाठी मृत्युदंडाची वाट बघत होता, आणि तो जवळजवळ कबूलच करतो की अ‍ॅडम्स निर्दोष आहे, कारण खरं काय ते मला माहीत आहे. पुढे कोर्टात सुनावणी झाली, मार्च १९८९ मध्ये टेक्सासच्या वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, त्याच महिन्यात अ‍ॅडम्स बाहेर आला आणि सरकारी पक्षाने केस सोडून दिली. ऑस्करने मात्र या फिल्मला डॉक्युमेंटरीचं साधं नॉमिनेशनही दिलं नाही.

अ‍ॅडम्स किंवा मायचेकला भरपाई मिळाली का? — रेवती

मायचेकला इलिनॉयच्या विधिमंडळाने २४,००० डॉलर दिले, ते त्याने आईला दिले. अ‍ॅडम्सला बारा वर्षांचे शून्य डॉलर. आणि पुढे तर अ‍ॅडम्स आणि मॉरिस यांच्यात त्याच्या आयुष्याच्या गोष्टीवर हक्क कुणाचा यावरून कायदेशीर वाद झाला, तो कोर्टाबाहेर मिटला. लोक याला कृतघ्नपणा म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्या माणसाची बारा वर्षं दुसऱ्यांच्या जबान्यांनी गेली, त्याला स्वतःची गोष्ट तरी स्वतःच्या हातात हवी असणारच. २०१० मध्ये तो ओहायोत गेला, ब्रेन ट्यूमरने, आणि बातमी बाहेर यायला कित्येक महिने लागले. हॅरिसला २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला, त्या दुसऱ्या खुनासाठी. वुडच्या खुनासाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

आईचा रोल जरा जास्तच रडका नाही का? — अनिकेत

मला तसं वाटत नाही. मॅकनील तिला पहिल्यांदा भेटतो तेव्हा ती गुडघ्यांवर बसून फरशी घासतेय, हातात ब्रश, बाजूला बादली. तो विचारतो, एवढे पैसे पुरले नाहीत तर? ती म्हणते अजून अकरा वर्षं काम करेन, अजून साठवेन. हे ती रडत सांगतच नाही, हिशेब सांगावा तसं सांगते. रडू आपल्याला येतं.

शेवटी मॅकनील त्याला सांगतो की सरकारने चूक मान्य करणं ही मोठी गोष्ट आहे, फार थोडी सरकारं असं करतील. हे तुम्हाला पटतं का? — गिरीश

नाही, गिरीशजी, आणि पिक्चरमधला तेवढा भाग मला खटकतो. १९४८ चा काळ, खऱ्या तुरुंगात शूटिंगला परवानगी मिळालेली, त्यामुळे असं काहीतरी येणार हे समजू शकते. पण ज्याचं लग्न मोडलं, ज्याचा मुलगा बापाशिवाय वाढला, त्याला सुटकेच्या दिवशी आभार मानायला शिकवणं बरोबर नाही. शिवाय मायचेकला मिळाली ती माफी. माफी हा शब्दच बघा ना, न केलेल्या गोष्टीची. आणि सरकारने स्वतःहून काही केलं नव्हतं, एक बाई, एक जाहिरात आणि दोन पत्रकार दारात उभे राहिले तेव्हा केलं.

त्या दुसऱ्या माणसाचं काय झालं? पिक्चर संपला तरी तो आतच! — मेघना

तुमचा प्रश्न वाचून खरंच बरं वाटलं, कारण त्याच्याबद्दल फार कमी जण विचारतात. पिक्चरमध्ये त्याचं नाव टोमेक. तुरुंगातला एकच छोटा प्रसंग आहे, मॅकनील त्याला सुचवतो की कबूल केलंस तर लवकर सुटशील. तो म्हणतो, म्हणेन की मीच केलं, पण मग ते विचारतील जोडीदार कोण होता, तेव्हा कुणाचं नाव सांगू? दोन मिनिटांत तो नट सगळा पिक्चर आपल्याकडे खेचून घेतो.

खरा मार्सिंकेविच १९४५ मध्ये मायचेक सुटला तेव्हा आतच राहिला. साक्षीदार तीच, खटला तोच, ती साक्ष एकासाठी टिकली नाही तर दुसऱ्यासाठी कशी टिकते याचं उत्तर कुणी दिलं नाही. पिक्चर आला, गाजला, लोकांनी स्टुअर्टला डोक्यावर घेतलं, तेव्हाही तो आतच होता. शेवटी १९५० मध्ये कोर्टाने त्याला सोडलं, म्हणजे मायचेकनंतर तब्बल पाच वर्षांनी. पुन्हा बघाल तेव्हा पिक्चरमधला मायचेक तुरुंगाच्या फाटकाबाहेर येतो तिथे टोमेकला लक्षात ठेवून बघा, शेवट एकदम वेगळा वाटतो.